झोंबणारा थेंब

मार्च लागला की दोडामार्ग तालुक्यात काजूचा हंगाम सुरू होतो. बोंडू वेगळे करायचे, बी वाळवायची, थोडी घरच्यासाठी भाजायची. काजूच्या टरफलात दाहक तेल असते. ते हाताला लागले तर कातडी सोलवटते, आणि बी तापली की ते धुरात उतरते. त्याच दिवसांत पावसाळ्याआधीची साफसफाई चालते, पालापाचोळ्याचे ढीग पेटतात, रबराच्या बागांमधून शीट धुरावर वाळत असतात. अशा वेळी कुणाचे डोळे लाल झाले, पाणी वाहू लागले, तर घरात त्याची फारशी दखल घेतली जात नाही. ‘धूर लागलो’ एवढेच म्हणतात आणि सगळे कामाला लागतात.

पण काही जणांचे डोळे जूनमध्ये, आगी विझून सरी कोसळायला लागल्यावरही चुरचुरतच राहतात. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात. दुपारी डोळ्यात रेव गेल्यासारखे वाटते, आणि संध्याकाळी दुचाकीवरून बांद्याच्या रस्त्याला लागले की वाऱ्याने गालावर पाणी ओघळते. अशा घरात देवळीत किंवा फ्रिजच्या दारात बहुधा एक लहानशी बाटली सापडते. ती असते काचबिंदूच्या थेंबांची.

हे दुखणे ऐकायला किरकोळ वाटते. डोळ्यातून पाणी येते, यात डॉक्टरला सांगण्यासारखे काय आहे? पण काचबिंदूच्या उपचारातली फार मोठी गळती इथूनच सुरू होते. ‘औषध झोंबता, म्हणान बंद केलंय’ असे वाक्य ज्याने उच्चारले, त्याने आपल्या नजरेचा सौदा केलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

पत्ता नसण्याचे कारण या रोगाच्या स्वभावात आहे. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून सतत बाहेर झिरपते. या पाण्याचा अश्रूंशी काही संबंध नाही. ते डोळ्याच्या आत फिरते, अश्रू बाहेरून डोळा भिजवतात. जाळीतून निचरा नीट होईनासा झाला की आतला दाब चढतो. सर्वसाधारणपणे हा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान असतो. चढलेला दाब, आणि काहींच्या बाबतीत सामान्य वाटणारा दाबसुद्धा, डोळ्यामागच्या नसेला इजा करतो. या नसेत सुमारे 10 ते 12 लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात, पुन्हा उगवत नाहीत, आणि नजर कडेकडेने आत आवळत येते. समोरचे स्पष्ट दिसत असते, दुखत काही नसते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूत गेलेली येत नाही.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढच्या सुमारे 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू होता. दक्षिण भारतात गावोगाव जाऊन केलेल्या पाहण्यांत ज्यांना हा रोग सापडला, त्यांतल्या 10 पैकी 9 हून अधिक जणांना तो आपल्याला आहे हे तोवर माहीत नव्हते. म्हणजे ज्याच्या हातात थेंबांची बाटली पोचली, तो या मोठ्या गर्दीतला सुदैवी माणूस. त्याने ती बाटली डोळे झोंबतात म्हणून बाजूला ठेवावी, ही गोष्ट मनाला फार लागते, कारण या झोंबण्यावर उपाय आहेत आणि त्यांतले बरेचसे साधे आहेत.

पाणी वाहणारा डोळा कोरडा असू शकतो, हे रुग्णाला पटवणे डॉक्टरांना सर्वांत जड जाते. अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. बुबुळाला लागून एक चिकट, श्लेष्मल थर असतो. तो पाण्याला धरून ठेवतो. त्यावर पाण्याचा थर, आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पडदा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येते आणि खालचे पाणी उडून जाऊ देत नाही. तिन्ही थर जागेवर असले तर दोन उघडझापांच्या मध्ये बुबुळ ओले राहते. तेल विस्कटले किंवा चिकट थर कमी पडला, की पाणी काही सेकंदांत फाटते आणि बुबुळावर कोरडी बेटे तयार होतात. बुबुळाइतकी संवेदनशील जागा शरीरात क्वचितच दुसरी असेल. ते मेंदूला हाकाटी देते, आणि वरच्या पापणीआडची मोठी अश्रुग्रंथी भराभर पाणी सोडते. पण या आणीबाणीच्या पाण्याला ना पुरेसे तेल, ना चिकटपणा. ते टिकत नाही, गालावर येते. डोळा पुन्हा कोरडा पडतो, पुन्हा हाकाटी.

हे तपासायला नेत्रतज्ज्ञाकडे दोन सोप्या चाचण्या असतात. एका चाचणीत डोळ्यात पिवळा-हिरवा रंग घालून, डोळे न मिटता अश्रूंचा पडदा किती सेकंदांनी फाटतो ते मोजतात. 10 सेकंदांच्या आत फाटला तर काहीतरी बिघडले आहे. दुसरी चाचणी जर्मन वैद्य ओटो शिर्मर यांनी 1903 साली सांगितली. शोषक कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि 5 मिनिटांत किती मिलिमीटर भिजली ते पाहायचे. ती 5 मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर डोळ्याला अश्रूंची चणचण आहे. दोन्ही चाचण्यांना मिळून काही मिनिटे लागतात. काचबिंदूच्या तपासणीत मात्र सारे लक्ष दाबाच्या आकड्याकडे लागलेले असते. त्यामुळे रुग्णाने तोंड उघडले नाही तर त्या राहून जातात.

थेंबांनी हे तीन थर कसे बिघडतात? एक दोष औषधाचा, दुसरा औषधाबरोबर बाटलीत असलेल्या संरक्षकाचा. आधी दुसऱ्याकडे पाहू, कारण त्याची माहिती फार थोड्या रुग्णांना असते.

थेंबांची बाटली एकदा फोडली की ती महिनाभर वापरायची असते. रोज टोक डोळ्याजवळ येते, कधी पापणीला टेकते. आत जंतू वाढू नयेत म्हणून एक रसायन घालतात. सर्वांत जास्त वापरले जाणारे रसायन म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड. हाच पदार्थ जमीन पुसण्याच्या जंतुनाशकांतही असतो. डोळ्याच्या औषधात त्याचे प्रमाण अगदी थोडे, साधारण 0.005 ते 0.02 टक्के. स्वभावाने तो साबणासारखा. तेलकट भांड्यावर साबण पडताच तेलाचा तवंग जसा फुटतो, तसा अश्रूंवरचा तेलाचा पडदा त्याच्यामुळे फुटतो. शिवाय चिकट थर बनवणाऱ्या पेशीही तो हळूहळू मारतो. डोळे आले म्हणून पाच-सात दिवस थेंब घालणाऱ्याला याने फरक पडत नाही. काचबिंदूचा रुग्ण तेच रसायन रोज, कधी दिवसातून तीन-चार वेळा, पुढची 20 वर्षे घालत राहतो.

फ्रान्समध्ये पिसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4107 काचबिंदूच्या रुग्णांची पाहणी करून 2002 साली निष्कर्ष छापले. संरक्षक असलेले थेंब वापरणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांनी जळजळ सांगितली. संरक्षक नसलेले थेंब वापरणाऱ्यांत हे प्रमाण 22 टक्के होते. डोळ्यात काही गेल्यासारखे वाटणे 31 टक्के विरुद्ध 14 टक्के, कोरडेपणा 23 विरुद्ध 14, आणि पाणी येणे 21 विरुद्ध 14. ज्यांचे थेंब बदलून संरक्षकाविना दिले गेले, त्यांच्या तक्रारी पुढच्या भेटीपर्यंत ठळकपणे कमी झालेल्या होत्या. या आकड्यांत एक दिलासा आहे. बिघडलेला डोळा सुधारू शकतो, आणि त्यासाठी उपचार थांबवावा लागत नाही.

आता औषधांकडे. प्रत्येकाची खोड वेगळी असते, आणि आपल्या बाटलीची खोड माहीत असली तर निम्मी भीती जाते.

1978 पासून अमेरिकेत आणि मग जगभर वापरात आलेले टिमोलॉल आतल्या पाण्याची निर्मिती कमी करते. दाब चांगला उतरतो, पण काहींत अश्रूही कमी होतात आणि बुबुळाची संवेदना थोडी बोथट होते. त्यामुळे कोरडेपणा वाढत असूनही तो जाणवत नाही. डॉर्झोलामाइड घातल्या घातल्या झोंबते, कारण ते द्रावण थोडे आम्लधर्मी असते. थोड्या वेळाने घशात कडवट चव येते. ब्रिन्झोलामाइड तुलनेने कमी झोंबते. मात्र ते दुधी असते, बाटली हलवूनच घालावे लागते आणि काही क्षण धूसर दिसते. ब्रिमोनिडीनचा खरा त्रास अॅलर्जीचा. तो पहिल्या आठवड्यात होत नाही, कित्येकदा काही महिन्यांनी उगवतो. डोळे लालभडक, प्रचंड खाज, खालच्या पापणीची कातडी खरबरीत. ‘इतके महिने हेच औषध घालतोय, मग यानेच कसे होईल?’ असे रुग्णाला वाटते, आणि खरा गुन्हेगार सुटतो. अशी खाज आली तर ब्रिमोनिडीन बदलून घेणे एवढाच मार्ग आहे, कृत्रिम अश्रूंनी ती जात नाही.

सध्या अनेकदा पहिल्या चिठ्ठीवर येते ते लॅटानोप्रोस्ट किंवा त्याच कुळातले बिमाटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट. यांच्या लालीमागे एक सुंदर कथा आहे. प्रोस्टाग्लँडिन हे शरीरात सूज आणणारे द्रव्य. डोळ्यात ते घातले तर डोळा लाल होतो आणि दाब वाढतो, असे प्रयोगांत दिसले होते. म्हणून काचबिंदूसाठी त्याचा विचार करणेच वेडेपणाचे समजले जाई. हंगेरीतून 1956 च्या उठावानंतर अमेरिकेत गेलेले लास्लो बितो हे कोलंबिया विद्यापीठात या द्रव्यावर काम करत होते. त्यांच्या लक्षात आले की मात्रा खूप कमी केली तर उलटे घडते. दाब खाली येतो, कारण आतल्या पाण्याला बाहेर पडायला दुसरी वाट मोकळी होते. त्यांच्या चिकाटीतून आणि स्वीडनच्या उप्साला इथल्या संशोधकांच्या कामातून 1996 साली लॅटानोप्रोस्ट बाजारात आले. दिवसातून एकच थेंब, तोही रात्री, आणि दाब साधारण पाव ते एक तृतीयांश कमी. पण मूळचा स्वभाव पूर्ण गेलेला नाही. पहिल्या काही आठवड्यांत डोळे लाल दिसतात, पुढे पापण्यांचे केस लांब आणि जाड होतात, पापणीची कातडी काळवंडते, तेलाच्या ग्रंथी काहींत बिघडतात. सुरुवातीची लाली बहुतेकांत ओसरते, म्हणून पहिल्याच पंधरवड्यात बाटली टाकून देणे घाईचे ठरते.

पाणी येण्याचे तिसरेही एक कारण असते, आणि ते विसरले जाते. नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीवर जी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतात, त्यांतून अश्रू नाकात उतरतात. वर्षानुवर्षे थेंब घातल्याने काहींत ही छिद्रे किंवा त्यापुढची नळी आवळते. मग डोळा कोरडा नसतानाही पाणी गालावर येते. एकाच डोळ्यातून सतत पाणी, कोपऱ्यात दाबले की चिकट स्राव, असे असेल तर नळी तपासून घ्यायला हवी. इथे कृत्रिम अश्रू घालत बसणे म्हणजे आजार एकीकडे आणि इलाज दुसरीकडे.

या सगळ्यासाठी डॉक्टरपर्यंत पोचायचे तर दोडामार्गच्या माणसाला वाट वाकडी करावी लागते. जिल्हा रुग्णालय ओरोसला, सावंतवाडी-कुडाळच्याही पलीकडे. त्यामुळे पिढ्यान्पिढ्या इथली माणसे सीमा ओलांडून म्हापशाला किंवा बांबोळीला जात आली. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचे मूळ 1842 साली पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेत आहे, आणि सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांना तेच आपले मोठे रुग्णालय वाटते. जानेवारी 2018 मध्ये तिथे परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्गात आरोग्यसेवेच्या मागणीसाठी मोठे आंदोलन उभे राहिले. अशा तालुक्यात, एका खेपेला मजुरीचा दिवस आणि बसभाडे मोजावे लागते तिथे, ‘डोळ्यातून पाणी येते’ एवढ्या कारणासाठी कोण जाईल? म्हणूनच नेहमीच्या दाब तपासणीच्या खेपेलाच ही तक्रार मांडणे शहाणपणाचे. काय होते, केव्हा होते, कोणता थेंब घातल्यावर होते, किती वेळा थेंब चुकला, हे खरे खरे सांगावे. चुकलेले थेंब लपवले तर डॉक्टरला दाब चढलेला दिसतो आणि तो आणखी एक बाटली लिहून देतो. म्हणजे आणखी रसायन, आणखी झोंबणे.

घरी करण्यासारख्या गोष्टींत पहिली म्हणजे थेंब घालण्याची रीत. डोळ्यावर एका वेळी साधारण 7 मायक्रोलिटर अश्रू असतात, आणि पापणीच्या खोबणीत फार तर 30 मायक्रोलिटर मावते. बाटलीतून पडणारा एकच थेंब 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे पहिल्याच थेंबाने खोबण भरून सांडते. दुसरा थेंब ‘पक्के पडावे’ म्हणून घातला, तर तो डोळ्याला काही देत नाही. पापणीला आणि गालाला मात्र जास्तीचे रसायन मिळते, आणि अडीच मिलिलिटरच्या बाटलीतले साधारण 80 थेंब महिन्याच्या आतच संपतात.

हात धुवावेत, आडवे व्हावे किंवा मान मागे टाकावी, खालची पापणी बोटाने ओढून खोबण करावी आणि टोक कुठेही न टेकवता एक थेंब सोडावा. मग डोळा हळुवार मिटावा. घट्ट आवळू नये, फडफडवू नये. नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. थॉम झिमरमन आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले की 5 मिनिटे असे दाबून किंवा डोळे मिटून ठेवले तर रक्तात जाणारे औषध 60 टक्क्यांहून अधिक घटते. टिमोलॉलसारखे औषध नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जाते आणि नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याचा श्वास अडवू शकते. दमा असणाऱ्याने, किंवा नाडी आधीच मंद असणाऱ्याने, ही गोष्ट डोळ्याच्या डॉक्टरला सांगायलाच हवी. ‘डोळ्याच्या औषधाचा छातीशी काय संबंध’ म्हणून अनेक जण ती सांगत नाहीत.

मिटलेल्या डोळ्याबाहेर आलेले औषध स्वच्छ ओल्या कापडाने पुसून घ्यावे, म्हणजे पापणी काळवंडणे आणि खाजणे कमी होते. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये किमान 5 मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन काढते. ज्यांना थेंब आत पडला की बाहेर, हे कळत नाही, त्यांनी बाटली फ्रिजमध्ये ठेवून पाहावी. गार थेंब डोळ्याला लगेच समजतो.

फ्रिजचा विषय इथे आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या फोडण्यापूर्वी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात. फोडल्यावर त्या 25 अंशांपर्यंत साधारण सहा आठवडे चालतात. एप्रिल-मे महिन्यात दोडामार्गच्या कौलारू घरातही 25 अंश क्वचितच असते. म्हणून औषध आणताना ते दुकानातही फ्रिजमधून काढून दिले का, हे पाहावे आणि घरी दाराच्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या खणात नव्हे. ज्यांच्याकडे फ्रिज नाही, त्यांनी बाहेर टिकणारा प्रकार लिहून मागावा. तसे प्रकार मिळतात. लॅटानोप्रोस्ट 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतही आले आहे, त्यामुळे सरकारी रुग्णालयात त्याबद्दल विचारायला संकोच वाटायचे कारण नाही.

कोरडेपणावरचा नेहमीचा इलाज म्हणजे कृत्रिम अश्रू. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायलुरोनेट असलेले थेंब दिवसातून काही वेळा घालायचे. एक खबरदारी मात्र घ्यावी. काही स्वस्त अश्रूंच्या बाटल्यांतही तेच बेंझाल्कोनियम क्लोराइड असते. दिवसातून चारहून अधिक वेळा घालायचे असतील तर संरक्षक नसलेले, किंवा सौम्य संरक्षकाचे घ्यावेत. ते कसे ओळखायचे? आपल्याकडे बाटलीच्या लेबलवर ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ या शब्दाजवळ त्याचे नाव आणि टक्केवारी इंग्रजीत छापलेली असते. शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडून ती ओळ वाचून घ्यावी. काचबिंदूचा थेंब आधी, मग 5 ते 10 मिनिटांनी अश्रू, हा क्रम ठेवला की कुणाचे काम बिघडत नाही.

पापण्यांच्या कडा सुजलेल्या, कोंडा धरलेल्या असतील तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाचा शेक पाच-सात मिनिटे द्यावा आणि कडा हलक्या हाताने पुसाव्यात. साकळलेले तेल मोकळे होते. डोक्यावरचा पंखा रात्रभर थेट चेहऱ्यावर नको. दुचाकीवर चष्मा हवा. काजू भाजताना, पाला जाळताना वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून बसावे, आणि टरफलाचे तेल लागलेला हात डोळ्याला लावू नये. सर्दीसाठी दुकानातून घेतलेल्या गोळ्यांनी तोंडाप्रमाणे डोळेही कोरडे पडतात, आणि मोबाइलकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते, हेही लक्षात असू द्यावे.

काय करू नये, यातली एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानात गेले की बऱ्याचदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेला थेंब हातात मिळतो. दोन दिवसांत लाली जाते, जळजळ थांबते, रुग्ण खूश होतो आणि पुढच्या वेळी तीच बाटली आणतो. डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड डोळ्यातला दाब वाढवते. सगळ्यांचा नाही, पण काचबिंदू असलेल्यांचा फार मोठ्या प्रमाणात. एकीकडे रात्री दाब कमी करणारा थेंब, दुसरीकडे दिवसा दाब वाढवणारा. काही महिन्यांत नसेचे जे नुकसान होते ते भरून येत नाही. गुलाबपाणी, मध, अंगावरचे दूध हेही डोळ्यात नको. रुईच्या चिकाने तर बुबुळ सुजून धूसर होते. आणि डोळा अचानक प्रचंड दुखू लागला, उलट्या झाल्या, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली, तर तो कोरडेपणा नव्हे. त्या वेळी घरचे सगळे उपाय सोडून तासाभरातच रुग्णालय गाठायला हवे.

डॉक्टरच्या हातात आणखी बरेच काही असते. दोन बाटल्यांऐवजी दोन औषधे एकत्र असलेली एक बाटली दिली की संरक्षकाचा मारा निम्म्यावर येतो. बेंझाल्कोनियम क्लोराइड नसलेला प्रकार देता येतो. या बाबतीत मुंबईतल्या एका कंपनीचे काम नोंदवण्यासारखे आहे. सन फार्मा अॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने बेंझाल्कोनियम क्लोराइडशिवाय लॅटानोप्रोस्ट पाण्यात विरघळवून ठेवण्याची पद्धत बसवली, आणि 2018 च्या सप्टेंबरमध्ये त्या थेंबांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. लॅटानोप्रोस्ट पाण्यात सहज विरघळत नाही, आणि जुन्या बाटलीत ते विरघळलेले ठेवायलाही हेच रसायन मदत करत होते. म्हणून ते नुसते वगळून चालणारे नव्हते, सगळी घडणच बदलावी लागली. एकेका मात्रेच्या प्लास्टिकच्या कुप्याही मिळतात. त्या महाग पडतात, पण ज्याचा डोळा खरोखर सोलवटला आहे त्याला त्या थेंब चालू ठेवायचे बळ देतात.

डोळ्याचा पृष्ठभाग जपण्यामागे आणखी एक दूरचा विचार आहे. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातल्या ब्रॉडवे, ग्रीअरसन आणि हिचिंग्ज यांनी 1994 मध्ये दाखवून दिले, की वर्षानुवर्षे बरेच थेंब घातलेल्या डोळ्यांत पुढे निचऱ्याची शस्त्रक्रिया करावी लागली, तर ती अपयशी होण्याचे प्रमाण वाढते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या सतत चिडलेल्या पातळ पडद्यावर व्रण लवकर धरतो आणि डॉक्टरने केलेली वाट बुजते.

त्याच मूरफील्ड्समधल्या गस गॅझर्ड यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने तर प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने विचारला. नव्याने निदान झालेल्या 718 रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला थेंब, दुसऱ्याला आधी एसएलटी हे लेझर, जे निचऱ्याच्या जाळीवर सौम्यपणे मारतात. 2019 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार लेझर गटातल्या 74 टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतर एकही थेंब न घालता ठरलेल्या मर्यादेत होता. त्यानंतर ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत बऱ्याच रुग्णांसाठी हे लेझर पहिला पर्याय झाले. भरती व्हावे लागत नाही, काही मिनिटांत होते. ज्यांच्या डोळ्यात निचऱ्याची जाळी असलेला कोन अरुंद किंवा बंद आहे त्यांना ते चालत नाही, आणि आशियात अशांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी बाहुलीभोवतीच्या पडद्याला बारीक छिद्र पाडणारे वेगळे लेझर आहे. म्हणून आधी कोन तपासून घ्यावा लागतो.

लेझरने थेंब थांबले तरी डोळ्याचा पृष्ठभाग सावरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर कृत्रिम अश्रू चालू ठेवावेत. लेझरचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो, आणि दाब चढला तरी ते आतून कळत नाही, त्यामुळे दर काही महिन्यांनी तपासणी चुकवता येत नाही. परिणाम ओसरला तर ते पुन्हा करता येते, किंवा थेंब पुन्हा सुरू होतात, आणि तेव्हा पहिल्याच चिठ्ठीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड नसलेली बाटली मागता येते.